पहिल्या पडद्यावरची देवी

माझी नात मुंबईस पदव्युत्तर शिक्षण घेत होती. विषयाचे नाव मानव-संगणक आंतरक्रिया. २०१७च्या हिवाळ्यात ती आपला प्रबंध पुरा करण्यासाठी डहाणूस आमच्याकडे राहावयास आली. तिने मोबाइलवर चालणारे एक साधन रचले होते. अक्षरओळख नसलेल्या बाईने पडद्यावर बोट ठेवावे आणि आरोग्यसेविका पाड्यावर कोणत्या वारी येणार, हे तिला ऐकू यावे. कोणी न शिकविता बायांना ते वापरता आले, तरच प्रबंध स्वीकारू, असे तिच्या मार्गदर्शकांनी बजावले होते. हाती तीन आठवडे उरले होते.

जन्मभर शाळेत संस्कृत शिकविलेल्या मला त्यातले काय कळणार? तरी तिने विचारले, "आजोबा, पहिल्या पडद्यावर काय ठेवू?"

"आरंभी मंगल असावे. महालक्ष्मीचे चित्र ठेव."

तिने ठेवले. चित्रावर बोट दाबले की आवाज सुरू होई.

तलासरीकडच्या एका पाड्यावर आम्ही गेलो. ओट्यावर सहा बाया जमल्या. नातीने एका म्हातारीच्या हाती मोबाइल दिला आणि स्वतः वही घेऊन गप्प बसली. सांगायचे काही नाही, केवळ पाहायचे, हा तिच्या शास्त्राचा नियम. म्हातारीने चित्र पाहिले, मोबाइल कपाळाला लावला आणि शेजारणीकडे दिला. तिनेही तेच केले. मोबाइल सहा जणींच्या हातांतून भक्तिभावाने फिरला आणि मुकाच परत आला.

मला राहवेना. "बाई, चित्रावर बोट दाबा की."

"तुम्ही दाबा, गुरुजी," म्हातारी म्हणाली. "माझे हात आत्ता गोठ्यातून आलेत. आणि धुतले, तरी देवीच्या तोंडावर बोट ठेवीन का मी?"

"गुरुजींनाच शिकवते बघा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी मान खाली घातली. नित्य पूजा करणाऱ्या मला एवढे सुचू नये? नात माझ्यावर रागावेल असे वाटले. पण ती म्हातारीजवळ सरकली. "मावशी, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या या वस्तूचंच चुकलंय. मग कसं करू, सांगा."

असे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारले नव्हते. विद्यार्थी अडला की दोष त्याचाच, असे धरूनच मी चाललो होतो.

म्हातारीने थोडा विचार केला. "देवीला वर बसव. खाली घंटा दे. देवळात गेल्यावर घंटा वाजवायला कोणी शिकवतं का?"

नातीने घरी येऊन तसेच केले. देवी किती वर असावी, एवढेच तिने मला विचारले.

आठ दिवसांनी त्याच ओट्यावर म्हातारीने आधी नमस्कार केला, मग घंटेवर बोट ठेवले. बुधवारी सेविका येणार असल्याचे आवाजाने सांगितले.

"ही बाय कुठल्या गावची गो? बोलते गोड," म्हणत तिने पुन्हा घंटा दाबली. बाकीच्या जणी मोबाइलसाठी तिला कोपरांनी ढोसू लागल्या.

पाचव्या बाईचे बोट मात्र घंटेच्या बाजूलाच पडत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. नातीची लेखणी थबकली होती. माझ्या ओठांशी आलेले शब्द मी गिळले. बाईने मोबाइल जरा तिरपा धरला, डोळे बारीक केले, आणि चौथ्या वेळी घंटा वाजली. नातीने वहीत लिहिले, 'कोणी न शिकविता.'