दातांच्या तारा आणि उजवा डोळा

पन्नाशी उलटल्यावर बायकोने दातांना तारा लावून घेतल्या. दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आल्यागेल्याचं स्वागत ती करते, मी गाडी कुठे लावायची ते दाखवतो. तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे इतकी वर्षं ती तोंडापुढे हात धरूनच हसत आली. मला त्या दातांत काही वावगं दिसत नव्हतं; पण मला कोणी विचारलंही नव्हतं.

मासे घेऊन दारात येणाऱ्या कोळणीने पहिल्याच दिवशी टोपली खाली ठेवत विचारलं, "वैनी, दातांना कुंपन कशाला गो? कोन पलून चाललाय?"

"जीभ," ही म्हणाली.

तारा लावणारा डॉक्टर माणगावचा. त्याच्या दवाखान्यात त्याच्या सत्काराचे बरेच फोटो आहेत. प्रत्येकात पुढारी वेगळा, शाल मात्र एकच असावी असा माझा संशय आहे. काम तो चांगलं करत होता, हे मान्य केलं पाहिजे. दीड वर्षात दात बऱ्यापैकी रांगेत आले होते आणि थोडे महिनेच उरले होते.

तेवढ्यात तिला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. चष्मा पुसून झाला, थेंब घालून झाले. आठवडाभरात त्या डोळ्याला वर्तमानपत्राचा मथळाही लागेना. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी तपासून सरळ सांगितलं: डोळ्यामागच्या नसेला सूज आली असेल, नाहीतर तिच्यावर काहीतरी दाबत असेल. सूज असेल तर इंजेक्शनं. दाबत असेल तर ऑपरेशन, आणि तेही लवकर, नाहीतर डोळा जाईल. कोणतं ते कळायला डोक्याचा एमआरआय हवा.

पनवेलच्या सेंटरला मी फोन केला. अंगावर कसलाही धातू नको, असं त्यांनी बजावलं. पेसमेकर, हाडात बसवलेली पट्टी, स्क्रू, काही आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. मग घरात धातूची झडतीच सुरू झाली. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना निघाल्या. जोडवी निघेनात, त्यांना खोबरेल तेल लागलं. नाकातली चमकी काढायला शेजारच्या काकू आल्या आणि ती निघाल्यावर विजयी मुद्रेने चहा पिऊन गेल्या. काकू चहा पीत असताना ही समोर बसून बोलत होती, हसत होती. तारा कोणालाच आठवल्या नाहीत. दीड वर्षात त्या तिच्या चेहऱ्याचाच भाग झाल्या होत्या.

सेंटरच्या दारात उद्घाटनाचा संगमरवरी दगड होता. त्यावर पाहुण्यांची नावं इतकी होती, की यंत्राचं नाव शेवटच्या ओळीत दाटीवाटीने बसवलं होतं. आतल्या टेक्निशियनने हिला आडवं करण्याआधी निरखून पाहिलं.

"मॅडम, तोंडात काय आहे?"

"दात."

"दातांवर?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तारा पक्क्या आहेत, मशीनला चालतं," तो म्हणाला. "फोटोला चालेल की नाही ते बघू."

फोटोला चाललं नाही. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. मागून पाहिलं तर मेंदू नीट, रेखीव. पुढे येता येता चित्र वाकडं होत गेलं होतं, आणि चेहऱ्याच्या जागी काळा खड्डा पडला होता. दातांवरचं स्टील आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे जवळचं चित्र येत नाही, असं ते म्हणाले.

"मागचा मेंदू अगदी उत्तम आहे."

"हे लेखी द्या," ही माझ्याकडे पाहत म्हणाली. मग विचारलं, "आणि डोळा?"

"डोळा त्या काळ्यात गेला. त्या नसेबद्दल मी काहीच सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी माणगाव. दातांच्या डॉक्टरांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपला माल परदेशी असल्याचं सांगितलं. परदेशी स्टील चुंबकाशी कसं वेगळं वागतं ते त्यांनी सांगितलं नाही. मग तडजोड काढली: नुसती तार काढू, दातांना चिकटवलेल्या चौकटी राहू देत.

"तार काढली तर काळं कमी होईल, पण चौकटी स्टीलच्या, त्या डोळा झाकणार नाहीत याची खात्री नाही, असं पनवेलचे डॉक्टर म्हणालेत," मी सांगितलं.

"अहो, शेवटच्या टप्प्यावर आहोत आपण. दात परत फिरतील. दीड वर्षाची मेहनत आहे!"

"माझीच ना?" ही म्हणाली. "आरशात दात बघायला मला डोळा लागेल, डॉक्टर. काढा सगळं."

त्यांनी काढलं. एकेक चौकट टक्कन निघून स्टीलच्या ताटलीत पडत होती. तारांखाली दडलेले दात थोडे पिवळट निघाले. ती एकदाही आरसा द्या म्हणाली नाही. दात जागेवर राहावेत म्हणून रात्री घालायला डॉक्टरांनी प्लास्टिकचा साचा करून दिला. निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी त्या शालीबद्दल बोलायचं टाळतो.

पनवेलला पुन्हा एमआरआय केला. या वेळी चित्रात दोन्ही डोळे स्वच्छ आले. उजव्या डोळ्यामागची नस सुजलेली होती. तिच्यावर काहीही दाबत नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी इंजेक्शनं सुरू केली आणि पुढच्या काही आठवड्यांत अक्षरं परत आली, आधी मथळे, मग बातम्या. बातम्यांसाठी एवढी घाई नव्हती, असं मी म्हणालो. रंग अजून थोडे विटके दिसतात, असं ती सांगते. हे दुखणं पुन्हा उलटू शकतं, अशी कल्पना बाईंनी देऊन ठेवली आहे. उलटलं तर पुन्हा एमआरआय.

साचा घालूनही एक दात जागेवरून हलू लागला आहे. परवा माणगावहून फोन आला. ती पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. आता चौकटी चिनी मातीच्या बसवू, दिसणारही नाहीत, डॉक्टर सांगत होते.

"आणि तार?" तिने विचारलं.

"तार धातूचीच लागते. पण जेव्हा एमआरआय करायचा असेल तेव्हा काढू की."

"तेव्हा आधी तुमच्याकडे यायला वेळ कुठला? डोळा आठवड्यात गेला होता माझा." तिने दोरीवरची चादर ताणून सरळ केली. "राहू द्या, डॉक्टर. हलू दे त्याला."