डेल्फिनोच्या नावाची डबी

माझ्या थोरल्या बहिणीचा, एर्मेलिंडाचा नवरा डेल्फिनो गबाल्डोन ऐन तारुण्यात ग्रँट्स गावाजवळच्या युरेनियमच्या खाणींत राबला. त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तो प्रत्येकाच्या शवपेटीला खांदा देऊन यायचा आणि घरात खोकला दाबत बसायचा. एर्मे समोर आली की म्हणायचा, "मिरचीचा ठसका लागला."

"सकाळपासून मिरची पाहिली तरी आहेस का?" ती विचारायची.

जुन्या खाणकामगारांची तपासणी सुरू झाली तेव्हा व्हर्ना नावाची नर्स त्याला एक डबी देऊन गेली. सकाळी खोल खोकून त्यात बेडका टाकायचा होता. डेल्फिनोने डबी खिडकीत ठेवली ती ठेवलीच. व्हर्नाचे फोन येत राहिले. शेवटी तो बायकोला म्हणाला, "तूच खोक हिच्यात. हिवाळाभर खोकतेसच."

"वेड लागलंय का? तपासणी तुझी आहे."

"तू खाणीत उतरली नाहीस, सिगारेटला शिवली नाहीस. तुझं चांगलंच निघेल. माझ्या मागची पीडा टळेल."

एर्मेने त्याला चार शिव्या घातल्या आणि मग ती डबीत खोकली. बीन्स निवडताना तिनेच मला हे सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो.

काही आठवड्यांनी व्हर्ना स्वतःच आली. मी तिथेच होते.

"डेल्फिनो, हा कर्करोग नव्हे," ती म्हणाली. "पण पेशीत काही जनुकं राखणदारासारखी असतात. पेशी भलतीच वाढायला लागली की ती तिला थांबवतात. विषारी धूळ, धूर यांमुळे त्यांच्यावर मिथिल नावाचे बारीक रासायनिक तुकडे चिकटतात. जनुक शाबूत असतं, पण मुकं होतं. तुमच्या बेडक्यात अशी बरीच मुकी सापडलीत. लगेच स्कॅन करायला हवा."

तव्यावरची टॉर्टिया जळायला लागली, तरी एर्मे हलली नाही.

"ती डबी माझी नाही," तो कसाबसा म्हणाला.

व्हर्नाने एर्मेकडे पाहिलं. "यांचे खाणीतले कपडे कोण धुवायचं?"

"मीच. आधी अंगणात झटकायचे. पण... तेवढ्याने?"

"कपडे असतील, चुलीचा धूर असेल. नक्की नाही सांगता येत."

स्कॅनसाठी आम्ही तिघं गाडीने अल्बुकर्कीच्या मोठ्या इस्पितळात निघालो. एर्मे खोकली की डेल्फिनोचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. स्कॅनमध्ये तिच्या उजव्या फुप्फुसात लहानशी गाठ दिसली. कर्करोगाचीच.

ऑपरेशन चालू असताना तो मला म्हणाला, "खोटं मी बोललो आणि देवाने शिक्षा तिला दिली."

"देवाला डबीतल्या थुंकीशी काय देणंघेणं?" मी खेकसले. "ती डबी गेली नसती तर कळलं असतं का कुणाला?"

गाठ वेळेवर सापडली आणि काढता आली, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर डेल्फिनोने मुकाट्याने स्वतःची डबी भरून दिली. त्याचीही दोन जनुकं मुकी निघाली. गाठ मात्र अजून नाही. 'अजून' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नाही.

आता दोघं बरोबरच स्कॅनला जातात. परवा दोघांची नावं पुकारली, तरी दोघंही खुर्चीतच.

"तू जा आधी," एर्मे म्हणाली.

"नको. तुझं कळू दे, मग मी."

शेवटी तिनेच त्याला दंडाला धरून उठवलं आणि आत पाठवलं.