म्हातारखोलीतल्या बाई

कारखान्याच्या प्रयोगशाळेत अगदी मागच्या बाजूला एक खोली होती. दारावर काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं, पण सगळे तिला म्हातारखोलीच म्हणत. तिथे सौरपट्ट्यांना मुद्दाम म्हातारं करत. छपरांवर दिसतात त्या जड काचेच्या पाट्या वेगळ्या. या पट्ट्या म्हणजे पातळ प्लास्टिकवर जांभळ्या सेंद्रिय शाईचा लेप, त्यावर धातूचा नावापुरता थर आणि दोन्हीकडून चिकटवलेलं पारदर्शक आवरण. कागदासारखी गुंडाळी करता यायची, उन्हात धरली की वीज मिळायची. फक्त पट्टी टिकायची नाही. किती टिकत नाही आणि का टिकत नाही, हे शोधणं म्हातारखोलीतल्या बाईंचं काम.

प्रखर दिव्यांखाली पट्ट्या मांडायच्या, काही तापल्या तव्यावर, काही दमट कपाटात. बाहेर वर्षानुवर्षं जे झालं असतं ते इथे काही आठवड्यांत उरकायचं. बाई रोज प्रत्येक पट्टीची वीज मोजायच्या. सुरुवातीला ती झपाट्याने उतरायची, मग जरा दम धरायची, मग हळूहळू खचत जायची. जांभळा रंग फिका पडायचा, कडांना पांढुरके डाग यायचे. बाईंना मनातून वाईट वाटायचं, पण आकडा येईल तोच लिहायच्या.

वरच्या मजल्यावर लेप करणारा इंजिनीअर होता. नवी पट्टी झाली की दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, स्वतः खाली घेऊन यायचा.

"बाईसाहेब, लेक पाठवतोय. जरा मायेनं वागवा."

"आमच्याकडे सासुरवासच असतो," बाई मान वर न करता म्हणायच्या. "नंतर रडत येऊ नका."

तो यायचाच. पट्टी गेली की तोंड पाडून स्टुलावर बसायचा आणि बाई त्याला चहा द्यायच्या. असं करता करता दोघांचं जमलं आणि लग्न झालं. मुलगी झाली. जेवताना पट्टीचा विषय काढायचा नाही असा घरात नियम होता. वरणभात पुढ्यात येईपर्यंत तो कसाबसा पाळला जायचा.

पट्टीचे वैरी त्यांनी एकेक करून हुडकले. हवा आणि उजेड मिळून शाईचा रंग खायचे. ओल कडेकडेने आत शिरून धातूचा थर सुटा करायची. त्याने गोंद बदलला, आवरण बदललं, कडा रुंद केल्या. पट्टी आधी आठवडाभरात मान टाकायची, ती आता ऋतू काढू लागली, मग वर्षही. कंपनीने उत्साहाने काही बसथांब्यांच्या छतांवर, तिथल्या दिव्यांसाठी, ती बसवली. नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन थांबे बघत हिंडायचे.

"बाबा, आपण बसमध्ये का बसत नाही?" मुलगी कंटाळून विचारायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात थांब्यांवरचे दिवे मंदावले. नवऱ्याचा निकाल ठरलेला होता. "कडांची शिवण कच्ची आहे. ओल आत जाते. ती एकदा बंद केली की आपण जिंकलो."

बाईंना मात्र खात्री वाटेना. त्यांनी काही पट्ट्या हवा नसलेल्या घट्ट डब्यांत बंद केल्या. उजेड नाही, ओल नाही, फक्त उन्हाळ्यातल्या छपराइतकी ऊब. शिवणीचाच दोष असेल तर या पट्ट्या ठणठणीत राहायला हव्या होत्या. राहिल्या नाहीत. दिव्याखालच्या पट्ट्यांइतक्याच त्याही खंगल्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तो भाजी चिरत होता. बाईंनी गॅस बारीक केला आणि सांगून टाकलं.

शाईत दोन द्रव्यं होती. एक विजेचे कण सोडणारं, दुसरं ते झेलणारं. दोन्ही एकमेकांत बारीक मिसळलेली असली तरच वीज व्हायची. नुसत्या उबेनेसुद्धा ती हळूहळू वेगळी होत होती, दूध फाटावं तशी. ते मिश्रण त्याने स्वतः जुळवलं होतं. तरुणपणापासून तो त्यावरच राबला होता.

त्याने सुरी खाली ठेवली. "म्हणजे चोर बाहेरचा नाही."

"नाही."

"घरातलाच." त्याने चिरलेली भाजी ताटलीत गोळा केली. मग म्हणाला, "एक महिना थांब. मिश्रणात एक गोष्ट घालून बघायची आहे मला. तोवर वर साहेबांना काही बोलू नकोस."

बाईंनी गॅस पुन्हा मोठा केला. त्याने ते होकारासारखं धरलं.

पण त्याच आठवड्यात साहेबांनी बैठक बोलावली. कंपनी आणखी थांब्यांवर पट्ट्या बसवायच्या बेतात होती. नवरा उभा राहून शिवणीबद्दल बोलला. चांगला बोलला. आणखी थोडा वेळ द्या, म्हणाला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बाईंकडे वळले.

"बाई, तुमचं काय म्हणणं? नुसत्या शिवणीने भागेल?"

बाईंनी साहेबांच्या चष्म्यावर नजर रोखली आणि म्हणाल्या, "नाही भागणार. मिश्रणच टिकत नाही." मग बंद डब्यांची हकीकत एकेक वाक्य करून सांगितली. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी त्यांना जमलं नसतं. खराब होणारी पट्टी कुणाच्या तरी डोक्यावरच्या छतावर बसणार होती.

पावसाळा संपेपर्यंत पट्टीचा विभाग बंद झाला. बाईंना दुसऱ्या एका संशोधन संस्थेने तसल्याच खोलीसाठी बोलावून घेतलं. नवरा बिस्किटांच्या वेष्टनांवर लेप देणाऱ्या कारखान्यात लागला. तो भांडला नाही, आवाज चढवला नाही. उलट फार नीट वागू लागला. "जेवायला वाढतेस का?" "छत्री घेतलीस का?" पण 'बाईसाहेब' म्हणणं थांबलं. जेवताना पट्टीचा विषय न काढण्याचा नियम आता तंतोतंत पाळला जाऊ लागला.

मुलीने एकदा मध्ये पडून पाहिलं. "बाबा, आईशी बोला ना नीट."

"बोलतो की," तो म्हणाला आणि खरंच बोलला. भाजीच्या भावाबद्दल.

अशी वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन गेली. मग त्याच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, आणि बाईंनी न डगमगता ऐकलं. उतरणीला लागलेलं काही ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. त्यांनी रजा टाकली आणि इस्पितळात त्याच्या उशाशी बसू लागल्या. नखं काढून द्यायच्या, पेपर वाचून दाखवायच्या.

एका दुपारी तो अचानक म्हणाला, "तू सांगितलंस ते बरोबरच होतं."

काय, ते बाईंना विचारावं लागलं नाही.

"मी महिनाभर काय दिवे लावले असते? नसतेच लावले," तो म्हणाला. "त्याचा राग नव्हता गं. पण तू साहेबाकडे बघून बोललीस. एकदा माझ्याकडे बघायचं होतंस."

बाईंनी पेपर घडी घालून ठेवला. "बघितलं असतं तर बोलता आलं नसतं मला."

त्याने विचार केला. "हं. तेही खरंच." मग पाणी मागितलं. बाईंनी मानेखाली हात घालून त्याला पाजलं. तेवढंच बोलणं झालं. पुढच्या महिन्यात तो गेला.

लोक चार दिवस येऊन गेले. मुलीने "माझ्याकडे चल" म्हणून गळ घातली. बाई कामावर परतल्या. घरात पलंगाची एक बाजू रिकामी होती. कामाच्या खोलीत निदान दिवे चालू असायचे.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना एका दूरच्या प्रयोगशाळेतून काही नव्या पट्ट्या तपासायला आल्या. बाईंनी नेहमीसारखा छळ मांडला: दिवे, तवा, दमट कपाट, बंद डबे. पट्ट्या थोड्या उतरल्या आणि थांबल्या. आठवडे गेले, महिने गेले. सहकारी रोज डोकावून जायचे. एका सकाळी बाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं, तारा बदलून मोजलं. मिश्रण फाटलेलं नव्हतं.

बाईंनी ते कशाचं केलंय ते नीट वाचलं. द्रव्यं निराळीच होती, त्यांचा सांगाडाच वेगळा. नवऱ्याला जे घालून बघायचं होतं त्याच्याशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. त्या महिन्याने काही बदललं नसतं. हे कळल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

त्या बाहेर जिन्यात जाऊन बसल्या आणि मुलीला फोन लावला.

"टिकली गं."

"काय टिकली? आई, तू रडतेस का?"

"पट्टी. कुणाची तरी पट्टी टिकली."

पलीकडून मुलीच्याही नाक ओढण्याचा आवाज आला. बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.