नाडी माझी, प्रश्न दुसऱ्याला

त्या वर्षी माझा डावा दंड लवायला लागला. डोळा लवतो तसा, कातडीखाली काहीतरी उडायचे आणि थांबायचे. चार दिवसांनी पोटरी, मग अंगठ्याच्या मुळाशी. सासूबाई म्हणाल्या, बाईचे डावे अंग लवणे शुभ. पुढे उजवेही लवू लागले, तेव्हा त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.

मला शुभाशुभाशी देणेघेणे नव्हते. माझी थोरली बहीण अशीच गेली होती. आधी तिचे दंड असेच लवायचे, मग हातून पळी सुटू लागली, मग हातांचे मांस झडले, वर्षभरात तिला अंथरुणावरून उठवेना. सासरी तिला आळशी म्हणत. त्यामुळे माझा दंड लवला की मला तिचे हात दिसायचे. मी दिवसातून दहादा मनगटांना दोरा गुंडाळून मोजायचे. हौदावर भरलेली घागर जड वाटली की लगेच मनगट चाचपायचे. नाही वाटली, तर खात्रीसाठी खाली ठेवून पुन्हा उचलायचे. मागे बायका खोळंबायच्या.

यजमान पेशव्यांच्या दफ्तरात कारकून, म्हणून पेठेतले नावाजलेले वैद्य घरी आले. त्यांनी माझी नाडी धरली आणि यजमानांना विचारले, झोप कशी आहे, भूक लागते का. यजमानांना काय ठाऊक? त्यांनी ठीक आहे म्हणून ठोकून दिले. मी बहिणीचे सांगू लागले, तर वैद्यांनी हातानेच थांबवले. वायू आहे म्हणाले, बायकांना रिकामपणी होतो. पहाटेपासून दळण, पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक, आणि म्हणे रिकामपण! मी आधीच आठवड्याचे दोन उपास करत होते. त्यांनी आणखी दोन सांगितले, आणि वर एरंडेल.

त्या उपासांनी पाय कापायला लागले. पंधरवड्याने वैद्य पुन्हा आले, नाडी धरली आणि पुन्हा यजमानांकडे वळले. मला राहवले नाही.

"नाडी माझी धरलीत, मग विचारताय कोणाला?" मी म्हणाले. "माझी बहीण अशीच गेली. ते ऐकून घ्यायला आपल्याला सवड कधी होईल?"

वैद्यांनी हात सोडला. जाताना वैद्य यजमानांना म्हणाले, आधी घरातल्या जिभेवर औषध बघा.

तीन दिवस मी यजमानांशी बोलले नाही. चौथ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, लोणी काळभोरला एक म्हातारे जाणकार आहेत, जाऊन येऊ. छकड्यात बसून, हडपसर मागे टाकून, दुपारी लोणीला पोचलो.

म्हाताऱ्यांनी यजमानांना ओट्यावर बसायला सांगितले आणि आपल्या बायकोला माझ्याजवळ बसवले. मला उकिडवे बसवून हात न टेकता उठायला लावले, टाचांवर चालवले, आपली बोटे धरून ओढायला सांगितली. दोन्ही दंड उजेडात नीट पाहिले. बहिणीचे सगळे ऐकले, मध्ये एकदाही तोडले नाही.

"बाई, ताकद हाय तुमच्यात," ते म्हणाले. "मांस झडलेलं न्हाई. हे लवतंय कशानं, ते मला ठावं न्हाई. पर तुमच्या भैनीचं दुखणं वाटत न्हाई. उपास सोडा, पोटभर जेवा. मनगटं मोजू नका, ते काम माझं. दोन महिन्यांनी या, मी बघीन."

परत येताना मला हायसे वाटायला हवे होते. पण मला संताप आला होता. खेड्यातला माणूस सरळ ठाऊक नाही म्हणतो, आणि आमच्या पेठेतल्या विद्वानाला तेवढे जमत नाही! यजमानांनाही ते सुनावले. ते म्हणाले, "मीही तुला विचारायला हवे होते."

उपास सोडल्यावर पाय कापायचे थांबले. लवणे कमी झाले, पुरते गेले नाही. लोणीला आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा ताकद तेवढीच भरली. भीती मात्र अजून अधूनमधून येते.

वैद्यांनी मी उद्धट असल्याचे पेठभर केले. एका मुंजीत शेजारच्या सूनबाईने मला हळूच विचारले, खरे का ते. मी हो म्हणाले.