बर्फातला कोट

पलटणीत माझं काम कपड्यांचं. मी क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये हवालदार होतो. वर बर्फातल्या पोस्टवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला कोट, बूट, हातमोजे मापाने द्यायचे, सही घ्यायची आणि तो खाली आला की परत जमा करायचे.

त्यातून एक नाद लागला. बदली होवो, कोर्स असो, रजा असो, वाटेत जिथे उतरेन तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान शोधायचो. जुन्या फौजांच्या गणवेशांची चित्रं असलेलं पुस्तक मिळालं की घ्यायचो. अंबाल्याला एक मिळालं, कोलकात्याला फुटपाथवर दोन. डेहराडूनला एक जाडजूड मिळालं, त्यात स्वातंत्र्यानंतरचे आपल्या फौजेचे कपडे क्रमाने काढलेले होते. इंग्रजी मी अडखळत वाचतो, पण चित्रांना भाषा लागत नाही. सगळी पुस्तकं ट्रंकेत घालून चारकोपच्या घरी आणायचो. बायको म्हणायची, "तिकडे दिवसभर कपडे मोजता, इकडे येऊन पण कपडेच बघता."

नायक संदेश गमरे घाटकोपरचा. आमच्या कंपनीत मुंबईचे आम्ही दोघंच, म्हणून तो मला विलासदादा म्हणायचा. एका फेब्रुवारीत सकाळी सात जणांची पेट्रोल पार्टी गस्तीला निघाली. संदेश त्यात होता. कपडे मीच दिले होते. ०८१० ला रेडिओवर आवाज आला, "नाला पार करतोय. ओव्हर."

०८२५ ला पोस्टने विचारलं, "पोझिशन कळवा. ओव्हर."

उत्तर नाही. तीनदा विचारलं. मग आलं, "स्लाइड आली. आम्ही सहा आहोत. गमरे दिसत नाही."

अकरा दिवस कोसळलेल्या बर्फात शोधलं. तो सापडला नाही. रजेवर आलो की मी घाटकोपरला त्याच्या आईला भेटायला जायचो. चहा व्हायचा. ती दर वेळी विचारायची, "बर्फ वितळतं का रे तिकडे?" मी म्हणायचो, "थोडं वितळतं, आई."

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी रजेवर चारकोपला होतो. ०९४० ला सुभेदार पाचपुते साहेबांचा बेसवरून फोन आला.

"विलास, घरी आहेस?"

"हो, साहेब."

"नाल्याच्या खालच्या अंगाला बॉडी सापडली. डावा हात आणि खांदा तेवढा बाहेर आहे. बाकी सगळा बर्फात. काढायला तीन दिवस लागतील."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गमरेच्या घरी कळलंय. आपल्यातल्याच कोणी तरी घरी फोन केला, तिथून त्याच्या आईपर्यंत गेलं. सीओ साहेब १४०० ला तिच्याशी बोलणार आहेत. कपडे तू दिलेले. फोटो पाठवतोय, बघून सांग."

फोटो आला. लांबून दिसणारी काळपट कापडाची बाही, खांद्यापलीकडे सगळं बर्फात. संदेशच्या अंगावर वरून पांढरा स्नो सूट होता, पण स्लाइडमध्ये तो फाटून जाऊ शकतो. आतला कोट पार्का, म्हणजे आमचा थंडीचा जाड कोट, भिजला की असाच काळा दिसतो. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"साहेब, यावरून सांगता येत नाही. खांद्याचा जवळून फोटो हवा."

"जवळचे फोटो शोध पार्टीच्या कॅमेऱ्यात आहेत. पार्टी खाली उतरतेय. थांब."

थांबलो. बायकोने ट्रंक उघडून पुस्तकं जमिनीवर मांडली. ११०५ ला घाटकोपरहून फोन आला.

"विलास, माझा आहे का रे तो?"

"आई, अजून कळलं नाही."

"तू कपडे ओळखशील ना?"

"ओळखीन."

तिने फोन ठेवला. तो संदेश असावा म्हणजे तिचं वाट बघणं संपेल, असं मला वाटत होतं. तो संदेश नसावा, असंही तितकंच वाटत होतं.

१२१५ ला दुसरा फोटो आला. खांद्यावर कापडी पट्टा, पट्ट्यावर बटन. बटन पितळेचं, त्यावर सिंहमुद्रा. बर्फाच्या कडेला छातीवरची बटनांची दुसरी रांग थोडी दिसत होती. आमच्या कोट पार्काला चेन असते आणि प्लास्टिकची बटनं. पितळ नसतंच. डेहराडूनच्या पुस्तकात मी पानं उलटत गेलो. बायकोने बोट ठेवलं. "हा बघा." तोच कोट होता. दुहेरी बटनांचा, लोकरी, साठ वर्षांपूर्वीचा. मी तीनदा ताडून पाहिलं, मग फोन लावला.

"साहेब, गमरे नाही. कोट फार जुना आहे. हा माणूस आपण दोघं जन्मायच्या आधीपासून तिथे आहे."

"खात्री?"

"कोटाची आहे, साहेब."

"बरं. सीओ साहेबांना सांगतो."

"गमरेच्या आईकडे मी जातो. तिला फोनवर नको कळायला."

पुस्तक पिशवीत घातलं आणि मेट्रोने घाटकोपरला निघालो. डी. एन. नगरला गाडी बदलली. १३४० ला पोचलो. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. शेजाऱ्यांनी खुर्च्या आणून मांडल्या होत्या. आत बुद्धमूर्तीच्या शेजारी संदेशच्या फोटोला ताजा हार होता. आई उठून उभी राहिली.

मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. "बर्फात आहे त्याच्या अंगावर हा कोट आहे, आई. संदेशचा असा नव्हता."

तिने चित्रावरून हात फिरवला. "म्हणजे हा नाही."

"नाही."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मला वाटलेलं, आज संपेल."

मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तू त्याला काय काय दिलेलंस, ते लक्षात आहे तुझ्या?"

"सगळं आहे."

"आत मी विणलेला स्वेटर असणार. मरून. डाव्या बाहीला एक टाका सुटलेला. ते तुझ्या यादीत नसेल."

"नाही, आई."

"मग लिहून ठेव."

१४०० ला सीओ साहेबांचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्याचं नाव काय?" तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. नंतर गळ्यातल्या चकतीवरचा नंबर वाचता आला. त्याच्या पलटणीने त्याला गावी नेलं. धाकट्या भावाने अग्नी दिला. भावाचं वय तेव्हा सत्तरच्या पुढे होतं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. कोणी तरी होतं."

आता संदेशची आई नाही. मीही निवृत्त झालो. संदेश अजून वरच आहे. त्या दिवशी त्याच्या अंगावर होते तसे कपडे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. म्हणून डेहराडूनच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी शाईने लिहिलं आहे, आणि त्याची एक प्रत पलटणीला पाठवली आहे:

नायक संदेश गमरे. स्नो सूट पांढरा, एक. कोट पार्का, एक. लोकरी जर्सी, एक. हातमोजे, एक जोडी. बर्फाचे बूट, आठ नंबर, एक जोडी. मरून स्वेटर, आईने विणलेला, डाव्या बाहीला एक टाका सुटलेला.