स्पंज आणि बाबांच्या मांडीतला रॉड

भोपाळला समुद्र नाही, आणि माझी नोकरी समुद्रातल्या स्पंजावर. नातेवाइकांना हे समजावून सांगून मी दमले. कोकणातून थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून स्पंज यायचा. गाडी लेट झाली की पेटी गळायची आणि पार्सल ऑफिसातला माणूस नाक मुरडायचा, "मॅडम, अपनी मछली जल्दी ले जाइए." ती मासळी नाही, हे सांगायचंही मी सोडून दिलं होतं.

स्पंज हा प्राणीच, पण जन्मभर एका जागी बसून असतो. आजूबाजूच्या पाण्यात जंतूंचा नुसता बुजबुजाट, तरी काही स्पंजांच्या अंगावर जंतूंचा थर धरत नाही. म्हणजे तो काहीतरी द्रव्य बनवत असणार. ते वेगळं काढायचं, काचेच्या तबकडीत जंतूंचा चिकट थर वाढवायचा आणि त्यावर टाकून बघायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा काहीही होत नाही.

तसलाच थर बाबांच्या मांडीतल्या रॉडवर बसला होता. स्कूटरवरून पडून हाड मोडलं म्हणून तो रॉड घातलेला. पुढे जखम वाहायला लागली. गोळ्या घेतल्या की सुकायची, बंद केल्या की परत सुरू. थराच्या आत दडलेल्या जंतूंना औषध पुरेसं लागतच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रॉड काढून हाड साफ करू. उशीर केलात तर पाय जाईल.

बाबा म्हणाले, "बघू."

उन्हाळा गेला, बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपातले गणपतीही गेले, बाबांचं बघणं काही संपेना. आई रोज पट्टी बदलायची आणि हात धुवायची. मी समजावलं, चिडले, शेवटी गप्प बसले. मला वाटलं, घाबरलेत.

एका रविवारी भोपाळातल्याच कोटऱ्याहून त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी आले. चहा घेताना त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कब करवा रहे हो, साहब?"

"काहे का ऑपरेशन?" बाबा आरामात म्हणाले. "दवा तो घर में ही बन रही है. बिटिया के यहाँ."

पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना पटलं, कारण तेही त्याच कारखान्यातले. तिथली रीतच होती: एखादा सुटा भाग आपल्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वर्कशॉपात, बनत असेल तर तो बाहेरून घ्यायचा नाही. मशीन बंद पडून राहिलं तरी चालेल, वाट बघायची. बाबा देखभाल विभागात होते. कधी नाइलाजाने 'बाहेरून मागवा' असा शेरा मारावा लागला, तर त्या दिवशी ते धड जेवायचे नाहीत. लहानपणी ताटावरूनच आम्हाला कळायचं, आज कुठलं तरी मशीन हरलंय.

बाबा घाबरले नव्हतेच. ते माझ्या शॉपची वाट बघत होते. मला इतका राग आला की कप धुताना हातातून निसटला. नंतर रडू आलं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, माझ्याकडे औषध नाहीये. तबकडीत एकदा थर सुटला, दुसऱ्यांदा सुटला नाही. ते माणसापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागतील. कदाचित पोचणारही नाही."

"काम चालू आहे ना पण?"

"चालू आहे."

"मग? मटेरियल वेळेवर येत नाही का? कुणाशी बोलायचं असेल तर सांग."

"मटेरियल येतं हो. मलाच जमलेलं नाही अजून. आणि तुमचा पाय थांबणार नाही."

ते मांडीवरच्या पट्टीकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं असतं तर मला सोसलं नसतं. खोटी का होईना, आशा द्यावी असं एकदा ओठांवर आलं. गिळलं.

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, उद्या डॉक्टरांना फोन कर. तारीख द्या म्हणावं." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेरूनच मागवू या."

आईने लगबगीने पानं घेतली. वरण, भात, बाबांच्या आवडीची भरली वांगी. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.