पाठीवरचा ताल

माझा थोरला भाऊ पलटणीत, बंगळूरला. तिथल्याच एका मराठी घरातली मुलगी त्यानं बायको करून आणली, आणि लढाईवर जाताना तिला आमच्या कडेगावच्या घरी ठेवून गेला.

वहिनी गाणं शिकलेली. दक्षिणेतलं, कर्नाटकी. आम्हाला भजन ठाऊक, तमाशा ठाऊक. हे असलं कुणी ऐकलंय! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका मागंच लागल्या, तशी ती मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि मांडीवर सणसणीत थाप मारली. त्यांच्यात गाणारा माणूस ताल आपल्याच हातानं धरतो. थाप, मग करंगळीपासून तीन बोटं, पुन्हा थाप नि उलटा हात. पण आमचं गाव पडलं पैलवानांचं. इथं मांडीवर थाप म्हणजे शड्डू.

"आगं बया, सून कुस्ती धरती का काय!" आत्या म्हणाली. बायका हसून हसून लोळायच्या बाकी. सोप्यात बसलेल्या आबांना, माझ्या वडलांना, काही हसू आलं नाही. सासऱ्याच्या घरात सुनेनं शड्डू ठोकायचा? मांडी थोपटायची न्हाई, एवढंच त्यांनी बजावलं.

गाऊ नको असं कुणीच म्हणालं नव्हतं, बरं का.

"हात बांधल्यावर कसं गाऊ, वन्सं?" ती मला म्हणाली. मी एवढीशी, तरी मी तिची वन्सं.

मग दुपारी मला झोपवायच्या निमित्तानं ती ताल माझ्या पाठीवर धरायला लागली. ओठातल्या ओठात गायची. त्या गाण्यांची भाषा तेलुगू, एक अक्षर कळायचं नाही. पण लई गोड वाटायचं. झोप आली तरी मी डोळे ताणून पडायची.

भाऊ लढाईत कामी आल्याची तार आली आणि तिचं गाणं थांबलं. पुढं तिचे वडील न्यायला आले. गाडी जुंपली, तेव्हा आबा दारात उभे राहिले.

"पोरी, जाताना एकदा म्हण. मांडीवर थाप मारून म्हण."

ती बसली. हात उचलला. आवाजच फुटेना. आबांनी तोंड फिरवलं. तिनं मला ओढून घेतलं, माझ्या पाठीवर तो ताल धरला, नुसताच, गाण्याशिवाय, आणि गाडीत जाऊन बसली.

पुन्हा भेट नाही. खरं सांगते, आईपेक्षा मला तीच जास्त आठवते. आता नातवंडांना मी तशीच थोपटते. पोरं झोपतात. मी मेली गाण्याची वाट बघत जागी राहते.